अहेर मॅडमची चार बोटं

आमच्या कॉलनीत कुणी कुणाला घरगुती औषध सांगायला लागलं, की ऐकणारा अजूनही नुसता हात वर करतो आणि चार बोटं दाखवतो. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, चार चहा सांगितले. जुन्यांना हसू येतं, आणि सांगणारा आपोआप गप्प होतो. ही चार बोटं अहेर मॅडमची. मॅडम कॉलनी सोडून गेल्या, बोटं राहिली.

मी काही लिहिणारी बाई नाही. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर वाचलेलं. पण अहेर मॅडमबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ज्यांना लिहिता येतं त्यांना मॅडम माहीत नाहीत. तेव्हा मीच लिहिते, बोलते तशी.

नाशिक रोडची आमची कॉलनी म्हणजे घरटी एक माणूस प्रेसमध्ये. आमचे हेही तिथेच, मशीनवर. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी समोरच्या बंगलीतल्या खालच्या दोन खोल्यांत मॅडम भाड्याने आल्या. कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. टेम्पोतून एक खाट, एक स्टोव्ह, चार पत्र्याच्या पेट्या उतरल्या, आणि पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी फळ्या. हे मदतीला गेले. फळ्या उचलल्या तर जड.

"मॅडम, ह्यात काय?"

"प्रेस."

"आमच्याकडेही प्रेसच आहे," हे म्हणाले.

"तुमच्यात नोटा निघतात, भाऊ. माझ्यातून घाणेरी निघते."

आणि खरंच, पट्टे सोडून दाखवलं तर वर्तमानपत्राच्या घड्यांत घाणेरीच्या फांद्या दाबून ठेवलेल्या. फूल, पान, काटा, सगळं जागच्या जागी, इस्त्री केल्यासारखं. त्या दिवसापासून हे त्यांना भाऊ झाले आणि मी वहिनी.

मॅडम उंच, हाडापेराने दणकट, आणि चालताना नजर कायम खाली. लाजून नव्हे. खाली काय उगवलंय ते बघायला. रस्त्याच्या कडेला बसकण मारून एखादं पान चुरडायचं, बोटं नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. कुणाच्या अंगणातलं असेल तर आधी दार वाजवून विचारायचं. माझ्या वेणीतल्या गजऱ्यातलं एक फूल त्यांनी एकदा बाजारात, भर गर्दीत, "घेऊ का?" म्हणून काढून घेतलं होतं आणि टाचणीने त्याचे तुकडे करून मला आतलं दाखवलं होतं. पेरूवाला आपला वजन करायचा थांबून बघत राहिला.

आमची सगळी रद्दी त्यांच्याकडे जायची. झाडं दाबली की कागद ओला होतो, तो दिवसाआड बदलावा लागतो. गुळगुळीत पुरवण्या त्यांना नको असायच्या, पाणी पीत नाहीत म्हणून. आणि कागद बदलता बदलता त्या तो वाचायच्या. त्यामुळे जगातल्या बातम्या त्यांना तीन-तीन महिन्यांनी कळायच्या. निवडून आलेल्याची मिरवणूक दारावरून चाललेली, आणि ह्या विचारतायत, "वहिनी, अर्ज कोणी कोणी भरलेत?"

झाडाला नाव-आडनाव असतं, हे त्यांचं पहिलं म्हणणं. "नुसतं तुळस काय म्हणता? नाशकात सुमन किती असतील? पूर्ण नाव सांगायचं. आडनाव आधी, नाव मागून, शाळेच्या हजेरीसारखं." आणि दुसरं म्हणणं, जे ऐकून आमच्या कॉलनीतल्या बायका जरा दुखावल्याच, ते म्हणजे झाड कुणाचं सगं नसतं. आम्ही रोज तुळशीला पाणी घालणार, वडाला सूत गुंडाळणार, आणि ह्या म्हणतात सगं नसतं.

"अहो, त्याला पाय नाहीत," मॅडम समजावायच्या. "अळी आली, बकरी आली, कुठे पळणार ते? मग अंगातच कडू तयार करतं, विष तयार करतं. ते स्वतःचा जीव वाचवायला. आपण मधे हात घालतो आणि म्हणतो, देवाने आपल्यासाठी औषध केलं."

आता चार बोटं. आमच्या शेजारी गायधनी काका, निवृत्त झालेले, कॉलनीतल्या प्रत्येकाच्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे पाला. काका महिनाभर रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होते. बागेजवळच्या कुंपणावर वेल चढलेला, तिथून तोडून आणायचे. एक दिवस मॅडमच्या हातात तो तुकडा पडला. त्यांनी ब्लेडने आडवा कापला, उजेडात धरला.

"काका, गुळवेल कापली की बैलगाडीच्या चाकासारखी नक्षी दिसते. आरे असतात. ह्यात आहेत का?"

काकांनी चष्मा लावून पाहिलं. आरे नव्हते.

"हा शोभेचा वेल आहे, कुठल्या तरी बंगल्यातून सुटलेला."

"पण मला गुण आला," काका म्हणाले. "गुडघा थांबलाय."

"रोज चालत बागेपर्यंत जाता ना वेल तोडायला? त्याचा गुण."

मग त्यांनी अंगठा तळहातात दुमडला आणि चार बोटं काकांसमोर धरली. एकेक वाकवत गेल्या. "किती? कुणाला? कशाबरोबर? किती दिवस? चारही सांगता आलं, तर ते औषध. एक जरी राहिलं, तरी तो पाला."

काका आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच खरी गुळवेल शोधून दाखवायला घेऊन आले, ब्लेड सुद्धा बरोबर. असं त्यांचं होतं. माणूस रागावून जायचा आणि काहीतरी शिकून परत यायचा.

हो, आणि सांगायचं राहिलं, मॅडम ह्याच कामात होत्या. झाडांच्या अर्काने कॅन्सरवर काही होतं का, ह्यावर पीएच.डी. करत होत्या, वयाच्या पंचेचाळिशीत. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, आम्ही माहेरी जायचो तशा त्या पुण्याला प्रयोगशाळेत जायच्या. झाडांचे अर्क काढून छोट्या बाटल्यांत भरायचे, बाटल्या थर्मासात बर्फावर ठेवायच्या, आणि थर्मास मांडीवर घेऊन एसटीने पुणं. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईने बाळासाठी त्यातलं घोटभर दूध मागितलं. मॅडमनी सिन्नरला गाडी थांबल्यावर खाली उतरून त्या बाळाला दूध आणून दिलं, पण थर्मास काही उघडला नाही.

तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. यांना खोकला लागला. विडी तर पंधराव्या वर्षापासूनची, त्यामुळे खोकला म्हणजे घरातलाच माणूस, कोण लक्ष देतं. मग रुमालाला लाल दिसलं. फोटोत उजव्या फुप्फुसात वर डाग. आधी टीबी म्हणून गोळ्या झाल्या, डाग हलेना, मग सुई घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. कागद आला तो मी वाचला नाही. यांनी वाचला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला, जिथे विड्यांचा कट्टा असायचा.

मुंबईला ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, पण खात्री म्हणून सलाईनमधून औषधं द्यावी लागतील, ती नाशकातही मिळतील. महिन्याला एकदा, काही महिने.

आणि मग सुरू झाला पाल्याचा पूर. नणंदेने पूड पाठवली. चांदवडचा यांचा मित्र एक मुळी घेऊन आला, ती म्हणे उगाळून चाटवायची. गायधनी काका तर काय, पिशवीच घेऊन बसलेले. मी सगळं ओळीने फळीवर मांडून ठेवलं आणि मॅडमकडे गेले. म्हटलं, लोकांचं जाऊ द्या, ही बाई तर ह्याच रोगावर झाडाचं औषध शोधतेय. हिच्या बाटलीतलं मिळालं तर आणखी काय हवं.

मॅडम ओट्यावर बसून कागद बदलत होत्या. मी सांगितलं. त्यांनी काम थांबवलं आणि एक वही आणली. वहीत फोटो चिकटवलेले. करड्या रंगावर गोल गोल ठिपके.

"ह्या कॅन्सरच्या पेशी. फुप्फुसातल्याच. पुण्याला बशीत वाढवलेल्या."

मी बघत राहिले. यांच्या छातीतलं ते असं दिसतं तर.

"वहिनी, माझी आई लासलगावला खळ्यावर कांदा निवडायची. आमचं गाव सटाण्याकडचं, वडील गेले आणि आई आम्हाला घेऊन लासलगावला आली. शंभर-शंभर पोती समोर. बाया बसतात आणि हाताने एकेक कांदा चाचपत जातात. सडका निघाला की बाजूला. एखादा कांदा वरून लाल, वरची पत्ती सुंदर, आणि आत काळा. नवीन बाईचा हात त्यावरून पुढे जातो. तोच पोत्यात गेला की पोतं नासवतो."

"हं."

"आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या अशाच निवडणाऱ्या बाया. दिवसरात्र चाचपत असतात. कॅन्सर म्हणजे वरून चांगली साल नेसलेला कांदा. त्यांचा हात फसतो. मी एवढंच बघते, की गुळवेलीचा अर्क घातला तर त्या बायांना चहा पाजल्यासारखं होतं का. त्यांची बोटं जागी होतात का."

"होतात?"

"बशीत कधी कधी होतात. कधी उलटंच होतं, बाया झोपतात. तेच झाड, तोच अर्क, प्रमाण वेगळं."

"मग जागं होतं तेवढं द्या ना यांना."

मॅडमनी वही मिटली. "ती बशी आहे, वहिनी. बशीला जेवण लागत नाही, बशीला ताप येत नाही, बशीला तुमच्यासारखी बायको नसते. बशीत मीठ जास्त घातलं तरी त्या पेशी मरतात. म्हणून भाऊंना मीठ पाजायचं का?" आणि चार बोटं वर केली. "यातल्या एकाही बोटाचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी सगळ्यात आधी तुमच्या दारात येईन. तोवर जे सलाईन ठरलंय ते चुकवायचं नाही. आणि फळीवरचं काही द्यायचं नाही."

मला इतका राग आला. वाटलं, शिकलेल्या बायका अशाच, कोरड्या. चार दिवस मी त्यांच्याकडे रद्दी पाठवली नाही.

पण पहिल्या सलाईनच्या दिवशी त्या कॉलेजला रजा टाकून आमच्याबरोबर आल्या. दवाखान्यात रांगेने खुर्च्या, प्रत्येकाच्या हाताला नळी. मी घाबरून थंडगार पडले होते. केवढं विष घालतायत यांच्या अंगात, असं वाटत होतं. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "घाबरू नका. ह्या दोन बाटल्यांतली एक कुठून आलीय, माहितीय? तुमच्या दारातली. सदाफुली."

"आपली? ती गुलाबी?"

"तीच. त्यातूनच पहिल्यांदा काढलं हे. पोतीच्या पोती पानं लागतात, मग कुठे चमचाभर निघतं."

काय सांगू, माझ्या जिवाला किती बरं वाटलं. ती नळी एकदम ओळखीची झाली. दारात डालड्याच्या डब्यात सदाफुली माझ्या सासूबाईंनी लावलेली. म्हणजे घरचंच कुणीतरी यांच्या मदतीला आलंय.

आणि इथेच मी चुकले. मी मनाशी गणित मांडलं. सलाईन महिन्याला एकदा, झाड रोज दारात. दवाखान्यात बाटलीतून देतात ते आपण वाटीतून दिलं तर काय बिघडलं? मॅडमनी फळीवरचं नको म्हटलं होतं, ते मी पाळलं. सदाफुली फळीवर नव्हती. आणि ती तर त्यांनीच सांगितलेली.

रोज सकाळी सात पानं. वाटायची, गाळायची, मध घालून द्यायची. हे विचारायचे, काय आहे? मी म्हणायचे, तुळस. हे तोंड वाकडं करून पिऊन टाकायचे. विडी सुटल्यापासून मी देईन ते घ्यायचे बिचारे.

दुसऱ्या सलाईनच्या आधी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, पुढे ढकलू, आठ दिवसांनी बघू. आठ दिवसांनी आणखी खाली. यांचं तोंड आलं, पाणी गिळवेना, हातपाय गळाले. दहाव्या दिवशी सकाळी अंग तापलं.

मॅडम कॉलेजला निघाल्या होत्या, वाटेत चौकशीला थांबल्या. आत आल्याच नाहीत. पायरीवरच उभ्या. मी रिक्षासाठी पिशवी भरत होते. बघते तर मॅडमची नजर खाली, डालड्याच्या डब्यावर.

"वहिनी, झाडाचं काय झालं?"

झाड खालून नुसतं काड्या झालेलं, वर शेंड्याला चार पानं आणि फुलं.

"बकरीने खाल्लं," मी म्हणाले. समोरच्या चाळीत बकऱ्या होत्याच.

मॅडम खाली बसल्या, एका काडीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग मान वर केली.

"सदाफुलीला बकरी तोंड लावत नाही."

मी पिशवी धरून उभी. घरात यांचा कण्हण्याचा आवाज. मला खोटं पुढे रेटता आलं नाही. म्हटलं, "सात पानं. रोज. पहिल्या सलाईनपासून."

"माय वं," मॅडम म्हणाल्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण घाबरल्या की सटाणा बाहेर यायचं. "तुले समजस का काही?" एवढंच. मग उठल्या, त्या झाडाची एक फांदी मोडली, पर्समधल्या वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि रिक्षात आमच्याबरोबर बसल्या. 

दवाखान्यात डॉक्टरांसमोर त्यांनी कागद उलगडला. मी मान खाली घालून उभी. आता ही सगळं सांगणार, आणि यांनाही आत कळणार, की बायकोने काय पाजलं. मॅडम म्हणाल्या, "पेशंटच्या पोटात याचा रस गेलाय, महिन्याच्या वर, रोज सात पानं. त्यांना माहीत नव्हतं. चूक माझी आहे. मी वहिनींना अर्धीच गोष्ट सांगितली."

उरलेली अर्धी त्यांनी मला बाहेरच्या बाकावर सांगितली. सदाफुली पूर्वी लोक साखरेच्या आजारावर घ्यायचे. म्हणून शास्त्रज्ञांनी उंदरांना देऊन पाहिली. साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी, आणि उंदीर बारीकसारीक रोगाने पटापट मेले. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जे पांढऱ्या पेशींना आवरतं ते कॅन्सरच्या पेशींनाही आवरेल. तिथून औषध निघालं.

"म्हणजे सलाईनने सडके कांदेही जातात आणि निवडणाऱ्या बायाही घरी जातात," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मधे महिना सोडतात, त्या परत कामावर याव्यात म्हणून. तुम्ही त्या महिन्यात रोज उरलेल्यांना घरी पाठवत होता."

मी पदर तोंडात धरला. "माझ्यामुळे झालं हे?"

मॅडमनी लगेच हो म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. लगेच नाही म्हटलं असतं तरी. त्या विचार करत बसल्या, नेहमीसारख्या, जणू मी परीक्षेतला प्रश्न विचारलाय. मग म्हणाल्या, "माहीत नाही. नुसत्या सलाईननेही इतक्या उतरतात कधी कधी. पानांनी उतरल्या असतील. दोन्हींनी असतील. आता कुणालाच सांगता येणार नाही." आणि तिसरं बोट वाकवून दाखवलं. "कशाबरोबर. हे बोट मी त्या दिवशी तुम्हाला दाखवायला हवं होतं. तुम्हाला धीर द्यायच्या नादात राहिलं."

यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. सुया चालू. भेटायला बंदी, फुलं बंद, कच्चं फळ बंद. मी दाराच्या काचेतून बघायचे. त्या दिवसांत मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

मॅडम रोज कॉलेज सुटल्यावर यायच्या, रक्ताचा कागद मागून घ्यायच्या, वाचायच्या, परत द्यायच्या. पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, फक्त माझ्या डब्यातली अर्धी भाकरी काढून घेऊन खाल्ली. चौथ्या दिवशी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला, परत खाली घेतला, आणि कागद उजेडात धरला, काकांचा वेल धरला होता तसा.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "बाया कामावर आल्या."

मी तिथेच फरशीवर बसले. हसत होते का रडत होते, मला माहीत नाही. मॅडमही शेजारी बसल्या, कॉलेजच्या इस्त्रीच्या साडीनिशी. वॉर्डबॉय आला आणि म्हणाला, मावशी, रस्त्यात बसू नका. मॅडम त्याला म्हणाल्या, "थोडा वेळ ओलांडून जा."

घरी आणल्यावर पंधरा दिवस कुणाला भेटू द्यायचं नव्हतं. आमच्या कॉलनीत हे कसं जमणार? माणूस दवाखान्यातून आला की अख्खी गल्ली घरात. मॅडमनी आमच्या फाटकात खुर्ची टाकली आणि परीक्षेचे पेपर तपासायला घेतले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून, एरवी संध्याकाळी. जो येईल त्याला तिथूनच परत. गायधनी काका काढ्याचा तांब्या घेऊन आले, तर त्यांच्याकडून तांब्या काढून घेतला आणि हातात पेपरांचा गठ्ठा दिला. "बसा. बेरजा तपासा." काका दोन तास बेरजा तपासत बसले. घरी जाऊन म्हणाले म्हणे, मुलांचं वनस्पतींचं ज्ञान फारच कच्चं आहे.

यांना पानांचं मीच सांगितलं, ताकद आल्यावर. हे कुशीवर वळले. मग म्हणाले, "तरीच. म्हटलं, तुळस इतकी कडू कशी?" आणि झोपून गेले. सगळी सलाईनं नंतर वेळेवर झाली. पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. पुढे हे प्रेसमधून रीतसर निवृत्त झाले, आणि हे लिहिताना ते शेजारी बसून शेंगा फोडतायत आणि अर्ध्या स्वतःच खातायत.

मॅडमची पीएच.डी. झाली. मी विचारलं, "मग शेवटी काय निघालं?" त्या म्हणाल्या, "निघालं एवढंच, की बशीत काहीतरी होतंय आणि ते नीट बघायला हवं." इतक्या वर्षांच्या सुट्ट्या घालवून एवढंच? पण त्यांना त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. पेढे वाटले. पेपरात चार ओळी आल्या, त्या वाचून की काय, मुंबईहून एक सफारीवाला गृहस्थ गाडीने आला. त्याला कॅन्सरवरची पूड काढायची होती, डब्यावर मॅडमचा फोटो हवा होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा मॅडमची तीन बोटं वाकून झाली होती आणि तो घाम पुसत होता.

"मॅडम, तुम्हाला काही सांगायचंच नाही," तो म्हणाला. "फक्त फोटो द्या."

"देते की. खाली छापा, ह्या बाईला अजून माहीत नाही."

तो चहा न घेता गेला. तो चहा आम्ही दोघींनी घेतला.

निवृत्त झाल्यावर मॅडम भावाकडे लासलगावला जायला निघाल्या. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो, हे, मी आणि गायधनी काका. काका तोवर पंच्याऐंशीचे, पण यायचंच म्हणाले. गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर. यांनी त्या दोन फळ्या उचलल्या आणि पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. मी नको नको म्हणेपर्यंत अर्ध्यावर. मॅडम त्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून, मुद्दाम हळू. मी बघत होते. मॅडमची नजर खाली नव्हती. पहिल्यांदाच मी त्यांना झाडझुडूप सोडून सरळ समोर बघत चालताना पाहिलं, यांच्या पाठीकडे, श्वास मोजल्यासारखं. वर पोचल्यावर हे वळले.

"काय मॅडम, दम लागला?"

"लागला," मॅडम म्हणाल्या. त्यांना काही लागलेला नव्हता.

डब्यात बसल्यावर त्यांनी खिडकीतून एक चपटं पुडकं मला दिलं. जाड पांढऱ्या कागदावर सदाफुलीची फांदी, टाक्यांनी शिवलेली. खाली काड्या, वर चार पानं, फुलांचा गुलाबी उडून पिवळट झालेला. त्याच दिवशीची फांदी, दवाखान्यात नेलेली. कोपऱ्यात चिठ्ठी, मॅडमच्या अक्षरात. आडनाव आधी, नाव मागून, झाडाचं. मग ठिकाण, नाशिक रोड, दारातील डबा. मग, गोळा करणारी, सौ. सुमन सोनवणे. आणि शेवटी शेरा, खालची पाने नखाने खुडलेली, बकरीने नव्हे.

"दोन केले होते," त्या म्हणाल्या. "एक कॉलेजच्या कपाटात आहे. तुमचं नाव तिथे राहील."

मी काही बोलणार तोच गाडी हलली. तेवढ्यात इकडे गायधनी काकांनी खिशातून एक पुडी काढली आणि यांच्या हातात सरकवली. "काही नाही हो, साधं चूर्ण आहे, पायऱ्या चढायला ताकद येते," हळूच, मॅडमना दिसू नये म्हणून.

मॅडमना दिसलं. गाडीने वेग घेतला होता, डबा चार-पाच खांब पुढे गेला होता, आणि खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. अंगठा दुमडलेला.

यांनी पुडी काकांच्या खिशात परत ठेवली आणि आपला हात वर केला, चार बोटं, तशीच. दोघांचे हात तसेच वर, गाडी लांबपर्यंत जाईस्तोवर.

"किती?" हे काकांना म्हणाले. "आधी ते सांगा."